विशेष प्रगतीचा रकाना

मराठीत एक गद्यप्रकार असा आहे, की तो दरवर्षी लक्षावधी मुलांविषयी लिहिला जातो, त्याचे लेखक हजारोंच्या संख्येने गावोगावी पसरलेले आहेत, आणि तरीही त्याची वाङ्मयीन चिकित्सा कोणी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. या गद्यप्रकाराचे नाव ‘वर्णनात्मक नोंद’. प्राथमिक शाळेतील शिक्षक तो लिहितो, मुख्याध्यापक त्यावर सही करतो, आणि ज्याच्याविषयी तो लिहिला गेला ते मूल बहुधा तो वाचत नाही. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना या नोंदींशी काय देणे-घेणे, असा प्रश्न येथे कोणी करील. आमचे म्हणणे असे, की हा प्रश्न मुळात भाषेचा आहे, आणि म्हणून तो आपला आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याला अनुसरून महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१०च्या निर्णयाने पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती आणली. पहिली-दुसरीच्या मुलांचे ७० टक्के मूल्यमापन आकारिक, म्हणजे शिकता शिकता होणारे, आणि ३० टक्केच संकलित, अशी त्यातली विभागणी होती. गुणांच्या जागी श्रेणी आल्या. आणि श्रेणींच्या शेजारी तीन रकाने आले: विशेष प्रगती, आवड वा छंद, आणि सुधारणा आवश्यक. प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने आपल्या शब्दांत काही लिहावे, अशी अपेक्षा होती. कल्पना उदात्त होती. आकड्याने जे सांगता येत नाही, ते वाक्याने सांगावे, असा विश्वास शासनाच्या एखाद्या निर्णयातून क्वचितच व्यक्त होतो.

पुढे काय झाले, ते सर्वांस ठाऊक आहे. वाक्ये तयार मिळू लागली. विषयवार, इयत्तावार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या. नंतर त्या भ्रमणध्वनीवरून गटागटांत फिरू लागल्या. ‘शाळेत नियमित येतो’, ‘स्वच्छ व टापटीप राहतो’, ‘इतरांशी मिळून मिसळून वागतो’, ‘चित्रकलेची आवड आहे’ अशा धर्तीची वाक्ये एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरत राहिली. आम्ही वाङ्मयाच्या वर्गात एक साधी कसोटी शिकवतो: व्यक्तिचित्रातील नाव बदलून पाहावे, आणि वर्णन तरीही तसेच लागू पडत असेल, तर ते व्यक्तिचित्र नव्हे. या कसोटीवर बहुतेक नोंदी टिकत नाहीत. नाव बदला, पट बदला, गाव बदला. वाक्य जागचे हलत नाही.

यात शिक्षकाला एकतर्फी दोष देणे अन्यायाचे होईल. दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळायच्या, माहिती ऑनलाइन भरायची, शालेय पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, निवडणुकीचे आणि सर्वेक्षणाचे काम करायचे, आणि उरलेल्या वेळात प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाविषयी मौलिक वाक्य लिहायचे, ही अपेक्षाच अमानुष आहे. तयार वाक्यांची पुस्तिका ही त्या अपेक्षेला दिलेली स्वाभाविक प्रतिक्रिया होय. तथापि, कारण समजले म्हणून परिणाम नाहीसा होत नाही.

हा परिणाम सर्व मुलांवर सारखा होत नाही, हे आमच्या मते या प्रकरणातले मर्म आहे. जे मूल वाचनात, गणितात पुढे आहे, त्याच्यासाठी श्रेणीच बोलते. विशेष प्रगतीच्या रकान्यात पोकळ वाक्य असले तरी त्याचे फारसे बिघडत नाही. जे मूल मागे पडले आहे, त्याच्या पत्रकाकडे मात्र नीट पाहावे. ‘सुधारणा आवश्यक’ हा रकाना तेथे नेमका असतो: जोडाक्षरे वाचताना अडखळतो, हातच्याची वजाबाकी चुकते, उच्चार अशुद्ध आहेत. आणि ‘विशेष प्रगती’चा रकाना तेथे अगदी धूसर असतो: नियमित येतो, नम्रपणे बोलतो. दोष तपशिलाने सांगितला जातो, गुण मोघमपणे. परिणामी मुलाला स्वतःच्या उणिवेची परिभाषा मिळते, बलस्थानाची मिळत नाही. आपल्याला काय येत नाही, हे ते दहाव्या वर्षी बिनचूक सांगू शकते. काय येते असे विचारले, की मान खाली घालते. हीच मुले पुढे महाविद्यालयात आमच्यासमोर बसतात. ‘सर, मला काही येत नाही’ हे वाक्य आम्हांस इतक्या वेळा, इतक्या सहजपणे ऐकावे लागले आहे, की तो नम्रपणा नसून शिकवलेला धडा आहे, याविषयी आमच्या मनात शंका उरलेली नाही.

आम्ही हे तुमसरात बसून लिहितो आहोत, म्हणून तुमसरचेच उदाहरण घेऊ. हे धानाचे गाव. येथील बाजारपेठ आणि भातगिरण्या धानावर चालतात. तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजरुक येथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश. भंडारा जिल्हा तलावांचा म्हणून ओळखला जातो, आणि त्या तलावांवर ढिवर समाजाची मासेमारी चालत आलेली आहे. या परिसरातले मूल शाळेत येते, तेव्हा रिकाम्या हाताने येत नाही. पऱ्हे केव्हा उपटायचे, कोणत्या बांधीचे पाणी कोणत्या बांधीत सोडायचे, रोवणीला किती बाया लागतील, याचे बोलणे त्याच्या कानावरून गेलेले असते. आठवडी बाजारात आईशेजारी बसून भाजी मोजून देणारी मुलगी सुट्या पैशांचा हिशेब बोटे न मोडता करते. जाळ्यात आलेला मासा कोणता, हे सांगायला ढिवराच्या मुलाला चित्रांचे पुस्तक लागत नाही.

आणि भाषा! घरी झाडीबोली, एखाद्या घरी पोवारी, एखाद्या घरी गोंडी. बाजारात आणि रेल्वे स्थानकावर हिंदी. पुस्तकात प्रमाण मराठी. आठ वर्षांचे मूल दिवसातून अनेकदा या भाषांच्या सीमा ओलांडते, आणि कोणाशी कोणती भाषा बोलावी, यात सहसा चुकत नाही. भाषाशास्त्राच्या वर्गात आपण ज्याला भाषिक क्षमता म्हणतो, तिचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? परंतु झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘श’च्या जागी ‘स’ येतो. मूल ‘पानी’ म्हणते, ‘सेत’ म्हणते, आणि त्याच्या पत्रकात लिहिले जाते: उच्चारात सुधारणा आवश्यक. ज्या बोलीचा शब्दकोश डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी परिश्रमपूर्वक सिद्ध केला, ज्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवरील कार्यासाठी परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली, त्याच बोलीतले सहज वाक्य पहिलीच्या वर्गात दोष ठरते. प्रमाण भाषा शिकवू नये, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ती शिकवलीच पाहिजे. तिच्याविना या मुलांपुढची दारे बंद राहतील. म्हणणे इतकेच, की ‘चौथी भाषा शिकतो आहे’ आणि ‘पहिली भाषा चुकीची बोलतो आहे’ या दोन वाक्यांत मुलाच्या आयुष्याइतके अंतर आहे.

येथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बांधीचे ज्ञान, बाजाराचा हिशेब, जाळ्याची ओळख यांचा हा गौरव म्हणजे गरिबीचे सुशोभीकरण नव्हे काय? ढिवराच्या मुलाला मासे ओळखता येतात, असे कौतुकाने म्हणत म्हणत त्याला पुन्हा जाळ्याकडेच पाठवण्याची ही नवी युक्ती नव्हे काय? ‘याचे डोके चालत नाही, पण हात चांगला चालतो’ हे वाक्य आपल्या समाजात स्तुतीसारखे उच्चारले जाते, आणि ते कोणत्या जातीतल्या मुलांविषयी उच्चारले जाते, हे सर्वांना माहीत आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा, अशी योजना आणली होती. ती वंशपरंपरागत धंद्याला बांधून ठेवणारी आहे, असे म्हणून तीव्र विरोध झाला आणि १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. विरोध करणारे बरोबर होते. बलस्थानाची ओळख जर मुलाच्या पुढच्या वाटा बंद करणार असेल, तर ती न झालेलीच बरी.

म्हणूनच बलस्थान हे सांत्वन म्हणून सांगू नये, असे आम्हांस ठामपणे वाटते. वाचता येत नाही, पण गातो छान, अशा वाक्यातला ‘पण’ हा शिक्षणाचा पराभव आहे. त्या ‘पण’च्या जागी ‘म्हणून’ आला पाहिजे: गातो छान, म्हणून गाण्याच्या ओळी फळ्यावर लिहून त्यावरून वाचन सुरू केले. गुण हा न आलेल्या गोष्टीची भरपाई नव्हे, तो तिच्याकडे जाणारा पूल आहे.

हा पूल आपोआप बांधला जात नाही, याला चांगला आधार आहे. तेरेझिन्हा कराहेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. विक्री करताना या मुलांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तशीच गणिते कागदावर निव्वळ आकड्यांत मांडून दिली, तेव्हा हे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर उतरले. पाच मुले म्हणजे फार थोडी, असे कोणी म्हणेल. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १४०० हून अधिक मुलांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध केला. निष्कर्ष त्याच दिशेचा होता: बाजारात गुंतागुंतीचा हिशेब करणारी मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या गणितात अडतात. आणि त्याला एक दुसरी बाजूही निघाली: शाळेतल्या गणितात पुढे असलेली मुले बाजारातला हिशेब करू शकत नाहीत. याचा अर्थ दोन्ही काठांवर ज्ञान आहे, मध्ये पूल नाही. पूल बांधणे हे मुलाचे काम नव्हे, ते शाळेचे आहे. आणि त्याची पहिली पायरी म्हणजे अलीकडच्या काठावर काय आहे, ते शब्दांत नोंदवणे. तुमसरच्या बाजारात हिशेब करणारी मुलगी शाळेत वजाबाकी चुकते, तेव्हा ‘गणितात कच्ची’ असे लिहिणारा शिक्षक अर्धेच सत्य लिहीत असतो.

दुसरा एक धोका स्तुतीचा. अलीकडे मुलांना सारखे ‘शाब्बास’, ‘हुशार’ म्हणत राहण्याची पद्धत पडली आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांच्या एका गटाला ‘तू हुशार आहेस’ अशी, तर दुसऱ्या गटाला ‘तू मेहनत घेतलीस’ अशी शाबासकी दिली. नंतर अवघड प्रश्न देऊन त्यांना अपयश येऊ दिले. हुशारीची स्तुती झालेल्या मुलांची चिकाटी कमी झाली, आणि पुढच्या प्रश्नांत त्यांची कामगिरीही घसरली. विशेषण मुलाला आधार देत नाही. ते मुलावर एक ओझे टाकते, आणि पहिल्या अपयशाबरोबर ते काढून घेतले जाईल, ही भीतीही देते. असेच काहीसे हॉवर्ड गार्डनर यांच्या १९८३ साली मांडलेल्या बहुविध बुद्धिमत्तांच्या सिद्धांताचे आपल्याकडील प्रशिक्षणवर्गांत झाले. त्या सिद्धांताला प्रायोगिक आधार पुरेसा नाही, अशी टीका मानसशास्त्रज्ञांनी केलेली आहेच. आपण त्यापुढे जाऊन त्याची लेबले केली. पूर्वी मुले ‘हुशार’ आणि ‘ढ’ अशा दोन डब्यांत बसत. आता त्यांना सात-आठ डबे उपलब्ध झाले, इतकाच फरक.

मग चांगली नोंद कशी असावी? आमच्या मते तिचे तीन भाग असावेत: काय पाहिले, कोठे अडते, पुढे काय करीत आहोत. नमुन्यादाखल, कल्पनेने रचलेली एक नोंद अशी: ‘पन्नासच्या नोटेतून तेवीस रुपये वजा करून उरलेले पैसे तोंडी लगेच सांगते. कागदावर उभ्या मांडणीत हातचा घेताना चुकते. तोंडी कसे केले, ते तिच्याच शब्दांत सांगायला लावून वहीत उतरवून घेत आहोत.’ किंवा अशी: ‘गोष्ट ऐकून दुसऱ्या दिवशी पात्रांच्या आवाजासह झाडीबोलीत सांगतो. छापील ओळ वाचताना अक्षरे सुटी करतो. त्याने सांगितलेली गोष्ट चार ओळींत लिहून तीच वाचायला देत आहोत.’ यात एकही विशेषण नाही. नाव बदलले तर ही वाक्ये दुसऱ्याला लागू पडणार नाहीत. आणि ही वाक्ये मुलाला वाचून दाखवता येतील, दाखवलीच पाहिजेत. आपल्याविषयी कोणीतरी इतके नेमके पाहिले, हे कळणे हीच मागे पडलेल्या मुलासाठी पहिली मदत आहे.

हे दूरच्या आदर्शांचे बोलणे नव्हे. महाराष्ट्रात याची परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी काम केले, तेव्हा गुरे चारणारी मुले शाळेत येत नाहीत असे म्हणून त्या थांबल्या नाहीत. कुरणशाळेच्या रूपाने शाळाच कुरणात गेली. १९३७च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमच्या विचारातही हस्तव्यवसाय हा ज्ञानाचे माध्यम होता. मुलाची मर्यादा ठरवणारी ती रेषा नव्हती. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने मुलांच्या अनुभवाला अभ्यासक्रमात स्थान दिले. या सर्वांत समान होते ते निरीक्षण. त्यांनी मूल आधी पाहिले, मग शिकवले.

वेळेचा प्रश्न उरतो, आणि तो खरा आहे. त्यासाठी एक साधा हिशेब मांडतो. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस कामकाजाचे ठरवले आहेत, आणि प्राथमिक स्तरावर साधारणतः ३० मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण धरले आहे. शिक्षकाने दिवसाला एका मुलाविषयी एकच खरी नोंद लिहिली, तर वर्षभरात प्रत्येक मुलाच्या वाट्याला सहा-सात नोंदी येतात. सत्राच्या शेवटी एका बैठकीत उतरवलेल्या शंभर तयार वाक्यांहून त्या सहा नोंदी मोलाच्या ठरतील. शासनाने नोंदींची संख्या कमी करून त्यांच्या सत्यतेचा आग्रह धरावा, अशी आमची मागणी आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली असून तीत शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर मुलाने स्वतःचे आणि सवंगड्यांनी एकमेकांचे करावयाचे मूल्यमापनही आहे. ही कल्पना चांगली आहे. परंतु शिक्षकाच्याच लेखणीत गुणाची भाषा नसेल, तर मूल ती कोठून आणणार? पाहता पाहता मुलांच्या स्वयंमूल्यमापनाच्याही तयार पुस्तिका निघतील.

येथे वाङ्मयाच्या विभागांचे काम सुरू होते. आमच्या पदवीच्या वर्गातून दरवर्षी काही विद्यार्थी अध्यापनाच्या अभ्यासक्रमाकडे वळतात आणि पुढे जिल्हा परिषदेच्या वा खाजगी शाळांत शिक्षक होतात. आपण त्यांना निबंध शिकवतो, सारांशलेखन शिकवतो, अर्ज आणि वृत्तान्त शिकवतो. एका मुलाकडे पंधरा मिनिटे पाहून त्याच्याविषयी तीन विशेषणरहित वाक्ये लिहायला शिकवत नाही. वास्तविक मराठीत व्यक्तिचित्राची परंपरा किती समृद्ध आहे! व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ने १९४९ साली जे दाखवून दिले, ते हेच, की सामान्य म्हणून दुर्लक्षिलेल्या माणसाकडे नीट पाहिले, तर तो सामान्य राहत नाही. त्यांच्याच ‘बनगरवाडी’चा (१९५५) निवेदक तरुण मास्तर आहे, आणि मेंढपाळांच्या वस्तीत शिकवण्याआधी त्याला ती वस्ती समजून घ्यावी लागते, हे योगायोगाने घडलेले नाही. ही पुस्तके आपण परीक्षेसाठी शिकवतो. त्यांतली दृष्टी विद्यार्थ्याच्या हाती एक साधन म्हणून द्यावी, असे का होऊ नये? वर्णनात्मक नोंद हा उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमातला एक घटक व्हावा, आणि त्यासाठी जवळच्या प्राथमिक शाळेत जाऊन विद्यार्थ्यांनी निरीक्षण करावे, हा प्रस्ताव आम्ही गांभीर्याने मांडतो आहोत.

हे आताच म्हणण्याचे कारणही आहे. २०२३ साली महाराष्ट्राने नियमांत बदल करून पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षा आणली. पुनर्परीक्षेतही उत्तीर्ण न झालेले मूल आता त्याच वर्गात राहू शकते. हा बदल योग्य की अयोग्य, यावर मतभेद आहेत, आणि त्यांत आज शिरावयाचे नाही. एवढे मात्र निश्चित, की दहा-अकरा वर्षांचे एखादे मूल जूनमध्ये आपल्याहून लहान मुलांच्या रांगेत बसेल, आणि तेथेच टिकायचे की बापाबरोबर कामाला जायचे, हे त्याच्या मनात आणि घरात ठरेल. त्या वेळी त्याच्या हातात शाळेने लिहून दिलेला एक कागद असतो. त्यावर त्याला काय येत नाही, ते सविस्तर लिहिलेले असणारच. त्याला काय येते, याविषयीचे एक खरे वाक्य त्यावर असेल की नाही, एवढाच प्रश्न आहे. आणि ते लिहिण्याची क्षमता ज्यांच्यात निर्माण करावयाची, ते विद्यार्थी आज आपल्याच वर्गात बसलेले आहेत.